‘जेवण राहिलंच लोल’: मुलीच्या मेसेजमधलं हसू कसं वाचायचं?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे:

‘माझी मुलगी गेल्या सप्टेंबरात एम.एस्सी. करायला इंग्लंडमध्ये लीड्सला गेली. तिचा रोज मेसेज असतो. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. हल्ली दर दोन वाक्यांनंतर ती ‘लोल’ लिहिते. शेजारच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, म्हणजे मोठ्यानं हसणं. आता तुम्हीच बघा तिचे मेसेज. ‘लॅबमधून यायला साडेनऊ झाले, जेवण राहिलंच लोल.’ ‘घरमालकानं हीटर अजून दुरुस्त केला नाही लोल.’ ‘शनिवार-रविवार मला हाक मारणारं इथे कुणीच नाही लोल.’ पोर उपाशी आहे, थंडीत कुडकुडते आहे, एकटी आहे आणि वर हसते आहे! मी एकदा चिडून लिहिलं, ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ तर म्हणाली, ‘आई, ते तसं नसतं गं,’ आणि नंतर दोन दिवस अगदी तुटक बोलली. परवा मात्र नुसतंच लिहिलं, ‘आठवण आली तुझी.’ ती खरंच मजेत आहे की माझ्यापासून काही लपवते आहे, हेच मला कळेनासं झालंय. मीही लोल लिहायला लागू का? आमचे हे म्हणतात, असल्या शब्दांनी पोरांची भाषा पार बिघडली. आणखी एक. सासरच्या मोठ्या ग्रुपवर आमचे एक काका गेल्याची बातमी आली, तेव्हा धाकट्या जाऊबाईंनी ‘काकांना भावपूर्ण श्रद्धांजली, लोल’ असं लिहिलं. त्यांना वाटलं होतं, याचा अर्थ ‘खूप प्रेम’. मुलं हसली. जाऊबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या, आता कुणाशी धड बोलत नाहीत. त्यांची समजूत कशी काढू?’

ताई,

तुमची मुलगी हसत नाहीये. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पत्रभर तुमचा जीव तिथेच अडकला आहे. आज ‘लोल’ लिहिणारं माणूस ते लिहिताना सहसा हसत नसतं. शेजारच्या मुलानं सांगितलेला अर्थ खोटा नाही, पण तो त्या शब्दाचा जन्माच्या वेळचा अर्थ आहे. दरम्यान तो शब्द पस्तीस वर्षांहून मोठा झालाय आणि त्याचं काम बदललंय.

इंग्रजीतली एल, ओ, एल ही तीन अक्षरं म्हणजे ‘लाफिंग आउट लाउड’, मोठ्यानं हसतोय. १९८० च्या दशकात संगणक टेलिफोनच्या तारेनं एकमेकांना जोडून गप्पा मारणाऱ्या मंडळींमध्ये हे रूढ झालं. फायडोनेट नावाच्या अशाच एका जाळ्याच्या वार्तापत्रात मे १९८९ मध्ये अशा संक्षेपांची यादी छापली गेली, तिच्यात ते आहे. समोरचा माणूस दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्यानं केलेल्या विनोदावर आपण हसलो हे त्याला लिहूनच कळवावं लागे. तेव्हा लोल म्हणजे खरोखर हसणंच होतं. मग मोबाइल आले, एसएमएस आले, शब्द शाळकरी पोरांच्या हाती पडला आणि इतका वापरला गेला की मार्च २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशानंही त्याची नोंद केली. इतक्या वापरानं शब्द झिजतोच. झिजता झिजता त्यातलं हसणं उडून गेलं आणि मागे उरला तो नुसता सूर.

हे तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. तुमच्या-माझ्या घरांतली जुनी पोस्टकार्डं आठवा. ‘ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.’ शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. लिहिणारा मुलगा पुण्याच्या खोलीवर खाटेवर बसून लिहीत असायचा. त्यानं काही जमिनीवर पालथं पडून, आठही अंगं टेकवून नमस्कार घातलेला नसायचा आणि वडीलही ते वाचून ‘याला लागलं तर नाही ना’ असं विचारायचे नाहीत. त्या अक्षरांनी फक्त एवढं सांगितलेलं असायचं, की मी लहान, तुम्ही मोठे, आणि आता पुढे मी जे काही मागणार आहे ते या नात्यानं वाचा. शेवटी ‘क. लो. अ.’ लिहिलं की लोभ असावा ही विनंती पोचायची. तिथे ‘कळावे’ म्हणजे नेमकं काय कळावे, हे कुणी शोधत बसलं नाही. तुम्ही स्वतः सासरी आल्यावर माहेरच्या पत्रात हे लिहिलं असेल. तुमच्या मुलीचं लोल याच जातीचं आहे. अक्षरांचा अर्थ एक, त्यांचं काम दुसरं. फरक एवढाच, की आपल्या संक्षेपांचे नियम घरात कुणीतरी शिकवायचं आणि तिच्या शब्दाचे नियम तिच्या वयाच्या पोरांनी आपापसात ठरवले. म्हणून ते तुमच्यापर्यंत पोचले नाहीत.

आता ते काम कोणतं, ते बघू.

कोलंबिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांनी २०१३ मध्ये एका जाहीर भाषणात हा मुद्दा मांडला. त्यांचं म्हणणं असं की लोल आता विनोदाची खूण राहिलेली नाही. ‘आपण दोघं एकाच पातळीवर आहोत, तुला माझं कळतंय आणि मला तुझं’ हे सांगणारा तो एक लहानसा अव्ययासारखा शब्द झालाय. असे शब्द बहुतेक भाषांत असतात आणि मराठीत तर त्यांची रेलचेल आहे. ‘ये’ आणि ‘ये ना गं’ यांत काय फरक आहे? ‘मला उशीर होईल’ आणि ‘मला उशीर होईल हं’ यांत? ‘हं’ला कोशातला अर्थ द्यायला बसलो तर हाती काही लागत नाही, पण तो काढून टाकला की वाक्य कोरडं होतं, कधी कधी उद्धटही वाटतं. तुमची मुलगी मराठी बोलताना ‘ना’, ‘गं’, ‘हं’, ‘बरं का’ हे सगळं आवाजात घालते. लिहिताना तिच्या पिढीला ते काम करणारा एक तयार शब्द मिळाला. तो इंग्रजीतून आला आहे, पण तिच्या मराठी वाक्याच्या शेवटी तो ‘गं’च्याच जागी बसतो.

पण ‘सूर मऊ करणारा शब्द’ एवढ्यावर तुमचं समाधान होऊ नये, असं मला वाटतं. तुमची काळजी त्यापुढची आहे आणि त्यापुढचंही उत्तर आहे. मिशेल मॅकस्वीनी या अमेरिकी संशोधक बाईंनी न्यूयॉर्कमधल्या, घरी स्पॅनिश आणि बाहेर इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांचे खरे मेसेज जमवून त्यात लोल कुठे येतं आणि कुठे येत नाही, हे पाहिलं. दिसलं ते असं. शब्दांत लिहिलंय त्याहून आणखी काहीतरी आत आहे असं सांगायचं असलं, की लोल येतं. कुणाची थोडी माया हवी असली की येतं. टोचणारं बोलून झाल्यावर ते बोथट करायला येतं. नुसती माहिती द्यायची असते तिथे ते सहसा येत नाही. आणि सरळसरळ प्रेम व्यक्त करताना येत नाही. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ याच्यापुढे लोल लावलं तर त्या वाक्याचा खरेपणाच जातो, हे त्या पोरांना कुणी न सांगता माहीत होतं.

आता तुमच्या मुलीचे मेसेज या नजरेनं पुन्हा वाचा. ‘लॅबमधून यायला साडेनऊ झाले, जेवण राहिलंच.’ एवढंच लिहिलं असतं तर ती तक्रार झाली असती किंवा तुम्हाला घाबरवणारी बातमी. लोल लावल्यावर त्याचा अर्थ होतो: आई, मी दमले, थोडी माझीच चूक आहे हेही मला कळतं, तू ओरडणार हेही माहीत आहे, पण तुला सांगावंसं वाटलं. हे सगळं पूर्ण वाक्यांत लिहिणं एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला फार अवघड असतं. तिनं ते एका शब्दात बांधून तुमच्याकडे पाठवलं. लपवायचं असतं तर तिनं ‘जेवले’ असं लिहिलं असतं. खोटं लिहायला लोलची गरज पडत नाही.

आणि ‘आठवण आली तुझी’ याच्यापुढे तिनं लोल लावलं नाही. तुम्ही पत्रात हे वाक्य जाता जाता लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबले. एवढ्या लोलच्या गर्दीत हे एकच वाक्य तिनं उघडं ठेवलं. ते तसंच्या तसं घ्या.

संकटाबरोबर हसू येणं हे काही मोबाइलनं आणलेलं नाही. रॉबर्ट प्रोवाइन नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुकानांत, रस्त्यांवर, विद्यापीठाच्या आवारात माणसं कधी हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी केल्या. १९९३ मध्ये त्यावरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हसण्याआधी बोलल्या गेलेल्या वाक्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के वाक्यं थोडीतरी विनोदी होती. बाकी सगळं ‘बरं, भेटू मग’, ‘मलाही आनंद झाला’ असलं साधं बोलणं. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसत होता. म्हणजे माणूस मुख्यतः समोरच्याशी जोडलेलं राहण्यासाठी हसतो, विनोद हे त्याचं एक लहानसं निमित्त. आपल्या घरातल्या बायका आठवा. ‘कशी आहेस गं?’ विचारलं की ‘आमचं काय, चाललंय’ म्हणताना ओठांवर येतं ते अर्धं हसू. तुम्ही त्या हसण्याचा अर्थ ‘मजेत आहे’ असा कधीच घेतला नसेल. तुम्ही तिच्या डोळ्यांकडे पाहिलं असेल. मेसेजमध्ये डोळे दिसत नाहीत, फक्त ते अर्धं हसू पोचतं, आणि त्याचं नाव लोल.

मग तुम्ही काय करायचं? लोलच्या आधीचं वाक्य खरं धरायचं आणि त्याला उत्तर द्यायचं. लोलबद्दल विचारायचं नाही. ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ हे लिहिलंत तेव्हा तुम्ही काळजीनं लिहिलंत हे मला दिसतंय, पण तिला ऐकू आलं ते ‘असं बोलू नकोस’. म्हणून ती तुटक झाली. त्याऐवजी काहीतरी ठोस, लहान, उत्तर देता येईल असं विचारा. ‘मग आता घरात काय आहे? भात टाकायला वीस मिनिटं लागतील, वर तूप-मेतकूट घाल.’ यात ओरडा नाही, रडारड नाही, आणि ती उपाशी आहे हे तुम्ही ऐकलंत हे तिला कळतं. ‘किती वेळा सांगितलं वेळेवर जेवत जा’ हे वाक्य जिभेवर येईल. ते तेवढं गिळा. ते तिला पाठ आहे.

हीटरच्या बाबतीत तर तुम्ही खरंच मदत करू शकता. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातली गरम पाण्याची आणि उबेची सोय चालू स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, १९८५ च्या घरमालक आणि भाडेकरू कायद्यात ते लिहिलेलं आहे. तिनं घरमालकाला लेखी कळवावं आणि तारीख घालून जपून ठेवावं. तरीही हालचाल झाली नाही तर विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेकडे किंवा शहराच्या कौन्सिलकडे जावं. ती परक्या देशात नवी आहे, आपण तक्रार केली तर घर सोडावं लागेल की काय अशी भीती तिला असेल. ‘लोल’ बहुधा त्या भीतीवर घातलेलं पांघरूण आहे. तुम्ही एवढंच लिहा: ‘मालकाला मेल केलास का? त्याची एक प्रत मलाही पाठव.’ आणि हो, घरमालकाला लिहिताना लोल नको. तिथे ते लावलं तर मालक म्हणेल, हिला काही घाई दिसत नाही.

तिसऱ्या मेसेजवर मात्र मी जास्त वेळ काढला. ‘शनिवार-रविवार मला हाक मारणारं इथे कुणीच नाही लोल.’ उपाशी राहणं एका रात्रीचं असतं. हे वाक्य तसं नाही. परदेशात पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारला अंधार पडायला लागला की खूप मुलांना असं वाटतं आणि बहुतेकांचं ते वसंतात ओसरतं. तरी तुम्ही लक्ष ठेवा. लोल किती वेळा येतं ते मोजू नका. आधीच्या वाक्यांत तेच तेच येतंय का, ते बघा. आठवड्यामागून आठवडा ‘कुणी नाही’, ‘झोप लागत नाही’, ‘कशाला आले इथे’ असं येत राहिलं, तर ते लोलसकट गंभीर धरा. आणि जी मुलगी एरवी लोल लिहिते तिचं लोल एकाएकी बंद झालं, उत्तरं ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक’ एवढ्यावर आली, तर थांबू नका, फोन करा. मेसेज नको, फोनच. रविवारी करा, तिच्या दुपारी. हिवाळ्यात आपलं घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, तेव्हा तुमची संध्याकाळ असेल. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाची सोय असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कमही व्हिसाबरोबरच भरून घेतलेली असते, त्यामुळे डॉक्टरकडे नाव नोंदवलं नसेल तर तिनं ते आजच नोंदवावं. या गोष्टी तिला माहीत असतील. पण ‘जा, त्यात कमीपणा नाही’ हे आईनं म्हणणं वेगळं असतं. आपल्याकडच्या कित्येक मुली त्याच एका वाक्यासाठी थांबलेल्या असतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते, कारण तुमच्या दोघींमधला गैरसमज एकाच बाजूचा नसावा असं मला वाटतं. तुम्ही तिला उत्तर देताना ‘बरं.’ किंवा ‘ओके.’ असं लिहून पुढे पूर्णविराम देता का? तुमच्या पत्रातली नेटकी विरामचिन्हं बघता देत असणार. आपल्याला शाळेत शिकवलंय, वाक्य संपलं की पूर्णविराम. पण मेसेजमध्ये या पिढीला तो टिंब वेगळा वाचता येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एकाच शब्दाचं उत्तर, एकदा पूर्णविरामासह आणि एकदा विनापूर्णविराम दाखवलं, तर पूर्णविरामाचं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं. हाच मजकूर हातानं कागदावर लिहून दाखवला तेव्हा मात्र तसा फरक पडला नाही. त्यांच्या मेसेजमध्ये वाक्य संपलं हे सांगायला पाठवायचं बटण पुरतं. त्यावर मुद्दाम टिंब दिला की त्यांना तो रागानं मिटलेल्या ओठांसारखा दिसतो. म्हणजे तिच्या लोलनं तुम्ही घाबरता आणि तुमच्या टिंबानं ती. तुम्ही व्याकरण सोडू नका, पण ‘बरं’च्या पुढे ‘गं’ लावा. तेवढ्यानं भागेल.

तुम्हीही लोल लिहावं का, याचं माझं उत्तर ‘नको’ असं आहे. त्यात काही वाईट आहे म्हणून नव्हे. लोल कुठे बसतं आणि कुठे खटकतं हे कानाला कळावं लागतं, आणि तो कान ते शब्द रोज ऐकून, चुकून, समवयस्कांच्या नजरा झेलून तयार होतो. इंग्रजी लिहिणाऱ्यांत तर मोठ्या अक्षरांतलं लोल आणि लहान अक्षरांतलं लोल हेसुद्धा वेगळं वाचतात: मोठ्या अक्षरांतलं अजूनही खरं हसू असू शकतं, लहानातलं नुसता सूर. खरंच हसू आलं तर ही मुलं सलग हाहाहा लिहितात, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लावतात, काहीजण चक्क कवटीचं चित्र टाकतात. हे सगळं तुम्ही वाचायला शिका, लिहायची गरज नाही. तुमच्याकडे ‘अगं’, ‘बाई गं’, ‘वेडे’ हे आहेत. ते तिला लीड्समध्ये दुसरं कुणी लिहिणार नाही.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. भाषा बिघडते म्हणतात ते. त्यांची तळमळ मला कळते, मराठी नीट लिहिली जावी असं मलाही वाटतं. पण त्यांनी दोष चुकीच्या ठिकाणी ठेवलाय. टोरोंटोमधल्या भाषाशास्त्रज्ञ सॅली टॅग्लियामोंटे आणि डेरेक डेनिस यांनी कुमारवयीन मुलांच्या चॅटमधले दहा लाखांहून जास्त शब्द तपासले. त्यांचा लेख २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोल आणि तसले सगळे संक्षेप मिळून भरले जेमतेम अडीच टक्के. बाकी सगळी नेहमीची इंग्रजी, नेहमीच्या व्याकरणाची. शिवाय वय वाढेल तसं लोल कमी होत गेलेलं दिसलं. मुलांना जागा कळते. मित्राला कसं लिहायचं आणि परीक्षेत कसं लिहायचं हे ती वेगळं ठेवतात, आपणही ‘क. लो. अ.’ निबंधात लिहीत नव्हतो.

यजमानांना खरंच काळजी करायची असेल, तर ती तुमची मुलगी मराठी रोमन अक्षरांत लिहिते याची करावी. आणि त्याची सुरुवात तिनं केलेली नाही. एसएमएसच्या काळात इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावायची. देवनागरी वापरली की तेवढ्याच मेसेजमध्ये फक्त ७०, कारण आपल्या प्रत्येक अक्षरखुणेला यंत्रात जास्त जागा लागते, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. वर साध्या फोनवर देवनागरीचे कळफलकही धड नसायचे. म्हणून मोबाइल हाती आलेली मराठी माणसांची पहिली पिढी, म्हणजे तुमच्या-आमच्या वयाचीच माणसं, रोमनकडे वळली आणि तीच सवय पुढच्यांना दिली. आता ती अडचण राहिलेली नाही. फोनवर रोमनमध्ये टाइप केलं तरी देवनागरी उमटते. वडिलांनी मुलीला शब्दांवरून टोकण्यापेक्षा स्वतः रोज चार ओळी देवनागरीत लिहाव्यात. ती उत्तर देवनागरीत देईल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर रोज आपली लिपी राहील. त्या देवनागरीत तिनं लोल लिहिलं तरी माझी काही हरकत नाही.

राहिल्या जाऊबाई. त्यांना दुखावलं ते चुकीनं नाही, मुलांच्या हसण्यानं. दुःखाच्या प्रसंगी प्रेम कळवायला म्हणून त्यांनी तो शब्द घेतला होता आणि नेमकं त्या प्रेमावरच हसू झालं. त्यांना सांगा, हीच चूक ब्रिटनच्या पंतप्रधानांनी केली होती. डेव्हिड कॅमेरून पंतप्रधान असताना एका मोठ्या वृत्तपत्र कंपनीच्या प्रमुख रिबेका ब्रुक्स यांना मेसेज करत आणि अधूनमधून शेवटी ‘लोल’ लिहीत. त्यांच्या मते त्याचा अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’, म्हणजे अगदी जाऊबाईंना वाटला तोच. ब्रुक्सबाईंनी खरा अर्थ सांगितल्यावर त्यांनी ते बंद केलं. हे सगळं मे २०१२ मध्ये, ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वागण्याची चौकशी करणाऱ्या लेव्हसन आयोगासमोर साक्षीत बाहेर आलं आणि जगभर छापून आलं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्या माणसाची ही गत. शिवाय त्या तीन अक्षरांना ठरलेला असा एकच अर्थ कधी नव्हताही. ऑक्सफर्डच्या कोशानुसार १९६० मध्ये ती इंग्रजीत ‘लहानखुऱ्या म्हाताऱ्या बाई’साठी वापरली जात होती. अक्षरांवरून जाऊबाईंनी केलेला तर्क तर्क म्हणून चुकीचा नव्हता.

पण नुसतं हे सांगून भागणार नाही. ग्रुपवरची जी मुलं हसली, त्यांना तुम्ही मोठेपणानं एक निरोप द्या. रागवायचं नाही. ‘काकूंनी प्रेमानं लिहिलं होतं, त्यांना फोन करा’ एवढंच. त्यातल्या एकानं जरी केला तरी पुरे. काकांच्या घरच्यांनी तो मेसेज वाईट अर्थानं घेतला असेल अशी धास्ती जाऊबाईंना असणार, आणि त्या बोलत नाहीत त्याचं खरं कारण बहुधा हेच आहे. तेव्हा तुम्ही त्यांना बरोबर घेऊन एकदा गेलेल्या काकांच्या घरी, त्यांच्या पत्नी काकूंकडे जाऊन या. दिवस झाले असतील तरी चालेल. जाताना मेसेजचा विषय तुम्ही काढू नका. काकूंनी काढला तर जाऊबाईंनी साधं सांगावं, ‘मला वाटलं त्याचा अर्थ प्रेम असा आहे.’ आणि ग्रुपच्या ॲडमिनला सांगून त्यांना पुन्हा आत घ्या, पुढच्या महिन्यात कुणाचं बारसं-मुंज काही असेलच.